दिरी कोले : गुलामांच्या हंडीतला इतिहास

अन्नाचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर आजवर बहुधा दोनच ठिकाणी गेली. एक राजवाड्याचा मुदपाकखाना आणि दुसरे देवळातले नैवेद्याचे ताट. जो पिकवतो, कांडतो, दळतो आणि रांधतो, त्याच्या स्वतःच्या पोटात काय गेले याची विचारपूस इतिहासाने क्वचितच केली. येसकराच्या भाकरीला बखर नाही. कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशात घरोघर शिजणारा कडधान्याचा भात हादेखील असाच बखरीबाहेरचा पदार्थ आहे. पण तो नीट उकलून पाहिला तर त्या देशाची सगळी हकीगत त्यातून बाहेर येते, आणि जगातल्या शोषितांच्या इतिहासाशी ज्यांचे काही नाते आहे त्यांनी ती ऐकण्यासारखी आहे.

या पदार्थाला तिथले लोक ‘दिरी कोले आक प्वा’ म्हणतात. दिरी म्हणजे भात, प्वा म्हणजे कडधान्य आणि कोले म्हणजे चिकटलेला. कडधान्याला चिकटून, त्याच्याशी जोडून शिजलेला भात. याला ‘राष्ट्रीय भात’ असेही नाव आहे. ज्या क्रेओल भाषेतले हे शब्द आहेत ती भाषाही गुलामांनीच घडवली. मालकांच्या फ्रेंचमधले शब्द घेतले आणि व्याकरणाची घडण आपल्या हाताने केली. गावठी, अशुद्ध म्हणून हिणवल्या गेलेल्या या भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळायला १९८७ ची राज्यघटना उजाडावी लागली. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर तब्बल १८३ वर्षे.

करण्याची रीत अशी. लाल घेवडा, ज्याला आपल्या बाजारात राजमा म्हणतात, रात्री भिजत घालायचा आणि सकाळी मीठ न घालता उकडायचा. दाणा मऊ व्हावा पण फुटू नये. उकडलेले लाल पाणी ओतून द्यायचे नाही. भाताला रंग आणि चव त्याच पाण्याने येते. मग लाकडी उखळात लसूण, पातीचा कांदा, ढोबळी मिरची, पार्सलीची पाने आणि ओव्याच्या वासाचा थाइम नावाचा पाला कुटून वाटण करायचे. या वाटणाला ‘एपिस’ म्हणतात आणि हैतीतल्या जवळजवळ प्रत्येक कालवणाचा पाया तेच असते. हंडीत तेल तापवून, असल्यास खारवलेल्या डुकराच्या मांसाचे दोन तुकडे टाकून, त्यावर हे वाटण परतायचे. त्यातच उकडलेला घेवडा घालून त्याची साल जराशी कुरकुरीत होईतो हलवायचे. नंतर ते लाल पाणी, मीठ, दोनचार लवंगा. दोन वाट्या तांदळाला एक वाटी घेवडा आणि चार वाट्यांच्या आसपास पाणी. उकळी आली की धुतलेला तांदूळ सोडायचा. वर एक तिखटजाळ, फुगीर मिरची देठासकट अखंड ठेवायची. ती फुटता कामा नये. फुटली तर जेवण कोणाच्याच घशाखाली उतरत नाही, न फुटली तर नुसता वास देऊन जाते. पाणी तांदळाच्या पातळीला आले की झाकण घालून जाळ मंद करायचा. कोळशाच्या शेगडीवर किंवा तीन दगडांच्या चुलीवर ही हंडी वीसपंचवीस मिनिटांत होते. बुडाला जी खरपूस खरवड धरते तिला ‘ग्रातें’ म्हणतात आणि तिच्यासाठी पोरांची भांडणे लागतात. आपल्याकडेही लागतातच.

आता या हंडीतल्या जिनसा कुठून आल्या ते पाहू. घेवडा अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या आधीपासून तिथले मूळ रहिवासी तो पिकवत होते. कोलंबस १४९२ मध्ये या बेटावर उतरला आणि पुढच्या काही दशकांत इथले ताइनो लोक कत्तल, वेठबिगार आणि देवी यांनी जवळजवळ निपटून गेले. त्यांच्या पाठीमागे त्यांचे कंद, त्यांची कडधान्ये आणि ‘आयिती’ हे बेटाचे नाव राहिले. भाताची गोष्ट वेगळी. पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या काठी तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःची वेगळी भातजात हजारो वर्षांपूर्वी माणसाळवली होती, आशियातल्या भाताशी संबंध नसलेली. भात आणि चवळी एकत्र शिजवण्याची रीत सेनेगलपासून घानापर्यंत आजही आहे. म्हणजे साखळदंडात बांधून आणलेली माणसे रिकाम्या डोक्याने आली नव्हती. त्यांना भाताची लावणी, कांडणी आणि रांधणी ठाऊक होती. गोऱ्या इतिहासकारांनी फार काळ असे लिहिले की गुलामांनी फक्त श्रम दिले आणि अक्कल मालकाची होती. आपल्याकडेही गावगाड्यातल्या कारागिराविषयी असेच लिहिले गेले आहे.

एक तिसरी जिन्नस मराठी वाचकाला चकित करील. हैतीत हाच भात कित्येकदा घेवड्याऐवजी ‘प्वा कोंगो’ घालून करतात. कोंगो म्हणजे आफ्रिकेतला कोंगो, आणि प्वा कोंगो म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली तूर. तुरीचे मूळ भारतात. इथून ती पूर्व आफ्रिकेत गेली, आफ्रिकेत रुजली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून कॅरिबियनात पोहोचली. तिथे तिला नाव मिळाले ते ज्यांनी ती पिकवली त्या माणसांच्या मुलखाचे. हैतीचा शेतकरी आजही ती हिरवी असताना सोलतो आणि भातात घालतो.

फ्रान्सने १६९७ मध्ये बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा स्पेनकडून अधिकृतपणे मिळवला आणि त्याला सँ-दोमँग हे नाव दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि अर्ध्याहून अधिक कॉफी या एवढ्याशा वसाहतीतून जात होती. १७८९ च्या सुमारास इथे गोरे सुमारे ३० हजार, जवळपास तेवढेच मुक्त मिश्रवर्णीय व काळे, आणि गुलाम साडेचार ते पाच लाख. ही साखर जे पिकवत होते ते काय खात होते?

कागदावर त्याचे उत्तर आहे. चौदाव्या लुईच्या १६८५ च्या ‘कोद न्वार’ म्हणजे काळ्या माणसांविषयीच्या कायद्याने शिधा ठरवून दिला होता. दहा वर्षांवरील प्रत्येक गुलामाला आठवड्याला अडीच मापे कसाव्याचे पीठ, किंवा प्रत्येकी अडीच पौंडांच्या तीन कसाव्याच्या भाकऱ्या. सोबत दोन पौंड खारवलेले गोमांस किंवा तीन पौंड मासे. दहा वर्षांखालील मुलांना निम्मे. (कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा करतात तो. तिकडे जे गुलामाचे पोटभरू पीठ, ते इकडे एकादशीचे सोवळे अन्न झाले. पदार्थाला जात नसते, ती चिकटवावी लागते, याचा याहून सोपा दाखला शोधूनही सापडणार नाही.) त्याच कायद्यात असेही कलम होते की शिधा टाळण्यासाठी मालकाने गुलामाला आठवड्यातला एखादा दिवस स्वतःचे पोट स्वतः भरण्यासाठी मोकळा सोडू नये. कायदा करणाऱ्यांना मालकांची जात चांगली ओळखीची होती असे म्हणावे लागेल. कारण मालकांनी नेमके तेच केले. उसाला निरुपयोगी असलेला डोंगरउतारावरचा एखादा तुकडा गुलामाला दिला आणि सांगितले, रविवारी आणि दुपारच्या सुटीत तिथे राबा आणि तुमचे तुम्ही खा.

बाबासाहेब आंबेडकरांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना एक मर्मभेदी मुद्दा मांडला होता. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्य मेला तर कोणाचेच काही बुडत नाही, म्हणून त्याची जबाबदारी कोणावरच नसते. हा मुद्दा आपल्या समाजाला लावला तर तो आजही तसाच बोचतो. मात्र सँ-दोमँगचा हिशेब पाहिला की त्या तुलनेला एक जोड द्यावीशी वाटते. जिथे नवा गुलाम विकत घेणे हे असलेल्याला पोसण्यापेक्षा स्वस्त पडते, तिथे मालमत्ता असण्याचे संरक्षणही उरत नाही. इथे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होते. नव्याने आणलेल्यांतले पुष्कळ जण काही वर्षांतच मरत आणि त्यांच्या जागी जहाजातून दुसरे येत. क्रांतीच्या वेळी वसाहतीतल्या गुलामांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक आफ्रिकेत जन्मलेले होते, याचा अर्थ हाच. दुसरी गोष्ट मात्र बाबासाहेबांच्या बाजूची आहे. मालकाच्या स्वयंपाकघरात काळी गुलाम बाईच रांधत होती आणि तिच्या हातचे खाऊन मालक बाटत नव्हता. तो तिला चाबकाने फोडून काढी, विकी, तिच्या शरीरावर हक्क सांगे. पण तिने शिवलेल्या पाण्याने त्याचा धर्म बुडत नव्हता. महाडला १९२७ मध्ये ओंजळभर पाण्यासाठी काय करावे लागले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

तो डोंगरउतारावरचा तुकडा मालकाने कंजूषपणाने दिला, पण इतिहासात त्याला वेगळेच मोल आले. दिवसभर साखरेच्या मळ्यात दुसऱ्याच्या घड्याळावर राबणारा माणूस तिथे स्वतःच्या मर्जीने कुदळ मारत होता. तिथे रताळी, कोनफळ, केळी, मका, घेवडा, तूर आणि पाणी असेल तिथे भात. उरलेले पीक रविवारच्या बाजारात बायका विकत, चार पैसे गाठीला बांधत. हा पदार्थ पहिल्यांदा कोणी केला याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. दप्तर ठेवणारे वेगळे आणि रांधणारे वेगळे. पण ज्या जमिनीच्या तुकड्यावर कडधान्य आणि धान्य शेजारी शेजारी उभे होते, त्याच तुकड्याच्या मालकिणीने ते एका हंडीत घातले असणार, हे सांगायला दप्तराची गरज नाही.

या तुकड्याची किंमत क्रांतीत दिसली. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा कायमाँच्या रानात डुकराचा बळी देऊन शपथ घेतल्याची परंपरा आहे. त्यानंतर उत्तरेकडचे मळे पेटले. पण स्वातंत्र्य म्हणजे काय याची त्या लोकांची व्याख्या पाहायची असेल तर १७९२ मध्ये दक्षिणेतल्या प्लातोंच्या डोंगरात जमलेल्या बंडखोरांच्या मागण्या पाहाव्यात. चाबूक बंद करा, आणि प्रत्येकाला आठवड्यातले तीन दिवस मोकळे द्या. कशासाठी? तर आपल्या तुकड्यावर राबण्यासाठी. पॅरिसमध्ये स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर भाषणे चालू असताना डोंगरातल्या या माणसाने समतेचे भाषांतर दिवसांत आणि पिकांत केले होते. हे भाषांतर त्या भाषणांपेक्षा मला अधिक खरे वाटते.

क्रांतीच्या थोर पुढाऱ्यांनाही ते पुरते पचले नाही. तूसाँ लूव्हर्त्यूर स्वतः गुलामीत जन्मलेला, पण राज्य चालवायला पैसा हवा आणि पैसा साखरेतून येतो, म्हणून १८०१ मध्ये त्याने मुक्त माणसांना पुन्हा मळ्यावरच बांधून ठेवले. त्याविरुद्ध उठलेल्या कष्टकऱ्यांच्या बाजूला गेला म्हणून खुद्द आपला पुतण्या मोईझ याला त्याने गोळ्या घालायला लावल्या. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी तूसाँला कपटाने पकडले आणि ७ एप्रिल १८०३ रोजी तो फ्रान्समधल्या थंड किल्ल्यात मेला. लढाई देसालिनने पुरी केली आणि १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव शहरात स्वातंत्र्य जाहीर झाले. गुलामांनी स्वतः लढून गुलामगिरी उलथवली आणि स्वतःचे राज्य उभारले, असे जगात दुसरे उदाहरण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केला. त्याच्या ६९ वर्षे आधी हैतीच्या गुलामांनी कोणाच्या सदाचाराची वाट न पाहता आपले काम उरकले होते.

स्वातंत्र्यानंतरही राज्यकर्ते मळ्यांकडेच पाहत राहिले. १८२६ चा ग्रामीण कायदा शेतमजुराला जमिनीशी जखडण्यासाठीच होता. लोकांनी त्याला लेखी उत्तर दिले नाही; ते डोंगरात निघून गेले. अंगणाभोवती चारसहा घरांचा ‘लाकू’, एकमेकांच्या शेतावर ढोलकीच्या तालात पाळीपाळीने राबण्याची ‘कोंबित’, आणि परसातले पीक. झाँ काझिमीर या हैतीच्या समाजशास्त्रज्ञाने या साऱ्या जीवनपद्धतीला मळ्याविरुद्धची व्यवस्था म्हटले आहे. या घरात रोजचे जेवण म्हणजे मक्याच्या कण्या, रताळी, केळी आणि ‘पितिमी’, म्हणजे चक्क ज्वारी. भात आणि घेवडा रविवारी किंवा पाहुणा आला तर. ज्वारीच्या मुलखातल्या आपल्या वस्त्यांतून भात हा सणाचाच असे, हे इथे सहज आठवते.

या हंडीतल्या एका साध्या पाल्यावरही रक्त आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याने सरहद्दीवरच्या हैतीयन मजुरांची आणि शेतकऱ्यांची कत्तल करवली. हजारो माणसे कोयत्यांनी कापली गेली. काळ्या डोमिनिकनात आणि काळ्या हैतीयनात फरक कसा करायचा? सैनिक पार्सलीची जुडी दाखवून स्पॅनिशमध्ये तिचे नाव विचारीत, असे सांगतात. क्रेओल बोलणाऱ्या जिभेला त्यातला ‘र’ नीट वळत नसे, आणि त्यावरून मरण ठरे. एपिसमध्ये रोज कुटली जाणारी ती हीच पार्सली.

स्वातंत्र्याची किंमत फ्रान्सने आधीच लावली होती. १८२५ मध्ये १४ लढाऊ जहाजे बंदरासमोर उभी करून दहाव्या चार्ल्सने १५ कोटी फ्रँक मागितले. कशाबद्दल? गुलाम आणि मळे गमावलेल्या मालकांची भरपाई म्हणून! १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा फेरा १९४७ पर्यंत चालला. पैसा आला तो डोंगरातल्या शेतकऱ्याच्या कॉफीवरच्या करातून. ज्याच्या आजोबाला विकत घेतले होते त्यानेच आजोबाची किंमत पुन्हा भरली. एप्रिल २०२५ मध्ये, दोनशे वर्षांनी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी इतिहासकारांची समिती नेमण्याची घोषणा केली.

आता पुन्हा भाताकडे येऊ. हैतीचे भाताचे कोठार म्हणजे आर्तिबोनित नदीचे खोरे. गोनाईव याच टापूत, १८०२ मध्ये फ्रेंच फौजेला घाम फोडणारा क्रेत-आ-प्येरोचा किल्लाही इथेच. १९५६ मध्ये या नदीवर पेलिग्रचे धरण पुरे झाले. वरच्या खोऱ्यातली कसदार जमीन पाण्याखाली गेली, तिथली कुटुंबे उठवली गेली, आणि खालच्या खोऱ्यात कालवे आले. (धरण कोणाच्या जमिनीवर आणि पाणी कोणाच्या, ही कथा आपल्याला नवीन नाही.) तरीही १९८० च्या सुमारापर्यंत देशाला लागणारा बहुतेक तांदूळ देशातच पिकत होता. हा तांदूळ खोऱ्यातून शहरात नेणाऱ्या फिरत्या व्यापारी बायांना ‘मादान सारा’ म्हणतात. हे एका किलबिलाट करणाऱ्या पाखराचेही नाव आहे.

आधी शेतकऱ्याचे डुक्कर गेले. आफ्रिकन तापाच्या साथीचे कारण देऊन अमेरिकेच्या पुढाकाराने १९८२-८३ मध्ये गावठी काळी डुकरे सरसकट मारली गेली. काहीही खाऊन वाढणारे ते डुक्कर ही शेतकऱ्याची बँक होती. पोराच्या शाळेची फी, बाळंतपण, मयत, सगळे त्याच्यावर निघे. बदली म्हणून आलेल्या अमेरिकन डुकरांना विकतचे खाद्य आणि सिमेंटचा गोठा लागे, आणि तो तर पाळणाऱ्यालाही नव्हता. मग तांदूळ. १९८६ च्या फेब्रुवारीत दुव्हालिए घराण्याची हुकूमशाही कोसळली आणि पाठोपाठ खुल्या व्यापाराचा उपदेश आला. बाहेरच्या तांदळावरची ५० टक्के जकात उतरवत १९९५ मध्ये ३ टक्क्यांवर आणली गेली. अमेरिकन सरकारच्या अनुदानावर पिकलेला तांदूळ मायामीच्या बंदरातून आला म्हणून त्याला ‘मायामी तांदूळ’ नाव पडले. आर्तिबोनितच्या शेतकऱ्यांनी त्याचे ट्रक अडवले, मारही खाल्ला. पण बाजारभावाला अडवता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना परक्या धान्याची चव ठाऊक आहे. फरक एवढाच की आपल्याकडे मिलो आला आणि गेला. मायामी तांदूळ मुक्कामाला राहिला. आज हैतीत खाल्ल्या जाणाऱ्या तांदळापैकी सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक बाहेरचा असतो. रविवारचा भात रोजचा झाला, पितिमी मागे पडली, आणि तांदूळ पिकवणारा शहराच्या झोपडपट्टीत हमालीला गेला.

मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे कबूल केले की या धोरणाने आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचे भले झाले असेल, पण हैतीची स्वतःला पोसण्याची ताकद त्याने गेली. कबुली प्रामाणिक असेल. पण एप्रिल २००८ मध्ये जगात तांदूळ महागला तेव्हा पोटात ब्लीच ओतल्यासारखी आग पडली असे म्हणत जे रस्त्यावर उतरले, आणि ज्यांच्या उठावाने पंतप्रधान घरी गेला, त्यांना या कबुलीने एक वाटी तांदूळ मिळाला नाही.

२०१० च्या ऑक्टोबरात त्याच आर्तिबोनित नदीतून कॉलरा आला. वरच्या अंगाला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण उपनदीत मिसळली होती. कालव्याच्या पाण्यात उभे राहून लावणी करणारे आणि तेच पाणी पिणारे खालच्या खोऱ्यातले लोक सर्वांत आधी मेले. साथीत सुमारे १० हजार माणसे गेली. संयुक्त राष्ट्रांनी सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, क्षमा मागितली. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी खोऱ्यातल्या पाँ-सोंदे गावावर हत्यारबंद टोळीने हल्ला करून शंभराहून अधिक लोक मारले. टोळ्यांच्या भयाने कित्येकांची शेते पडीक आहेत.

तरी आर्तिबोनितमध्ये शेला नावाचा वासाचा तांदूळ अजून पिकतो. तो मायामी तांदळापेक्षा महाग असतो. घेवडा आणि तूर मात्र पुष्कळशी अजून डोंगरातूनच येते, मादान सारांच्या पाट्यांतून. ट्रक चालू असतील त्या दिवशी.